विलीज जीपचे हेडलाइट मंद का? वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : 1944 ची विलीज एमबी जीप आहे, मूळची 6 व्होल्टची तशीच ठेवली आहे. पूर्ण रंगकाम करून घेतल्यापासून हेडलाइट पिवळट, मंद लागतात. नवे सील्ड बीम (काच, आरसा आणि फिलामेंट एकत्र बंद केलेले दिवे) बसवले, बॅटरीही नवी घेतली, तरी फरक नाही. ऑटो इलेक्ट्रिशियन म्हणतो, 6 व्होल्टचे दिवे असेच असतात. (सातारा)

असे नसतात. याच दिव्यांवर या गाड्या रात्रीच्या रात्री चालल्या आहेत.

हिशेब असा. या जीपचा हेडलाइट 45/35 वॉटचा, म्हणजे अप्परला (लांबचा झोत) 45 आणि डिपरला (जवळचा झोत) 35. अप्परवर एक दिवा 7.5 अँपिअर घेतो, दोन मिळून 15. हेच दिवे 12 व्होल्टचे असते, तर निम्म्या करंटवर भागले असते. करंट दुप्पट म्हणजे गंजलेल्या एका सांध्यात पडणारे व्होल्टही दुप्पट, आणि तेही निम्म्या व्होल्टेजमधून वजा होतात. म्हणून 12 व्होल्टच्या गाडीत खपून जाणारा सांधा इथे चौपट नडतो. दिव्यापर्यंत 6 ऐवजी 5 व्होल्ट पोचले, तर प्रकाश जवळजवळ निम्म्यावर येतो.

आधी गाडीतलाच ॲमीटर (करंट दाखवणारा काटा) पाहा. इंजिन बंद ठेवून अप्पर लावा. काटा डिस्चार्जकडे 15-16 अँपिअरवर यायला हवा. तो 9-10 वर थांबत असेल, तर वाटेत कुठेतरी करंट अडतो आहे.

मग मल्टिमीटर घ्या. दिवे चालू असतानाच मोजा, हे महत्त्वाचे. दिवे बंद ठेवून किंवा बल्ब काढून मोजले, तर एका तारेवर लटकलेली वायरसुद्धा पूर्ण 6 व्होल्ट दाखवते. लाल टोक बॅटरीच्या धन खांबावर आणि काळे टोक दिव्याच्या अप्पर पिनवर लावा, आकडा 0.3 व्होल्टच्या आत हवा. मग लाल टोक दिव्याच्या अर्थ पिनवर (अर्थ म्हणजे बॉडीतून बॅटरीकडे करंट परतण्याची वाट) आणि काळे बॅटरीच्या ऋण खांबावर लावा, इथे 0.1 व्होल्टपेक्षा जास्त नको.

तुमच्या गाडीत दुसरा आकडाच मोठा निघेल, असे आम्हाला वाटते. दिव्याचा अर्थ त्याच्या डब्यातून बिजागरीच्या ब्रॅकेटवर, तिथून ग्रिल, बॉडी आणि चासी असा प्रवास करतो. रंगाऱ्याने प्रत्येक भाग सुटा करून रंगवला असेल, तर त्या प्रत्येक सांध्यात रंगाचा थर बसला आहे. रंग म्हणजे इन्सुलेशनच. ब्रॅकेटच्या बोल्टाखाली रुपयाएवढी जागा खरवडून धातू उघडा करा, दातेरी वॉशर घाला, घट्ट आवळा आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवा. त्याहून भरवशाचे म्हणजे प्रत्येक डब्यातून 2.5 चौरस मिमीची स्वतंत्र अर्थ वायर थेट चासीवर नेणे. बॅटरीची ऋण केबल चासीला जिथे लागते ती जागाही अशीच साफ करा, आणि काम सुरू करण्यापूर्वी ती केबल सोडायला विसरू नका.

पहिला आकडा मोठा निघाला, तर ॲमीटर, मुख्य स्विच, पायाचा डिपर स्विच आणि जंक्शन ब्लॉक (वायरी जोडण्याची पट्टी) असे एकेक टप्पा पुढे सरकत मोजा. आकडा जिथे एकदम उडी मारतो, दोष तिथे. डिपर स्विच पायाखालच्या फळीवर असल्याने चिखलपाणी त्यातच जाते. कॉन्टॅक्ट क्लीनर मारून तो 20-30 वेळा दाबा. नाहीच सुधारला तर बदला. दुरुस्तीत कोणी 1 चौरस मिमीची वायर टाकली असेल, तर ती काढून टाका. मुख्य लाइनला 4 आणि प्रत्येक दिव्याला 2.5 चौरस मिमी हवी.

प्रश्न : डिपर लावला की डावा दिवा अगदी मंद होतो आणि त्यातल्या दोन्ही फिलामेंट लालसर दिसतात. उजवा दिवा बदलून पाहिला. (बेळगाव)

दोष डाव्या दिव्याचा आहे, आणि तोही बल्बचा नव्हे, अर्थचा. डाव्याला अर्थ मिळत नाही, म्हणून डिपर फिलामेंटमधून आलेला करंट त्याच दिव्याच्या अप्पर फिलामेंटमधून उलटा शिरतो, अप्परच्या वायरने उजव्या दिव्यात जातो आणि तिथला अर्थ गाठतो. वाटेत तीन फिलामेंट एकापाठोपाठ आल्याने एकही नीट पेटत नाही. डाव्या डब्यापासून बॅटरीच्या ऋण खांबापर्यंत एक जाड वायर हाताने धरून पाहा. दिवा उजळला तर निदान पक्के.

प्रश्न : दिवे पाच-दहा मिनिटे चालतात, मग आपोआप बंद-चालू होत राहतात. (नागपूर)

हे काम डॅशमागच्या थर्मल सर्किट ब्रेकरचे. त्यातली पट्टी तापली की वाकते, सर्किट तुटते. थंड झाली की पुन्हा जुळते. त्याला बायपास करून तार जोडू नका, तो वायरिंग जळण्यापासून वाचवतो आहे. ॲमीटर 16 च्या बराच वर जात असेल, तर वायर कुठेतरी घासून बॉडीला टेकली आहे. या जीपचे हेडलाइट पंखाच्या आकाराचा नट हाताने सैल करून इंजिनकडे वळवता येतात, रात्री दुरुस्तीसाठी केलेली ती सोय. त्या बिजागरीपाशी वायर दरवेळी मुडपते, म्हणून पहिली नजर तिथेच टाका. ॲमीटर बरोबर असेल, तर ब्रेकरचे स्क्रू सैल होऊन तेच तापत असतात.

प्रश्न : स्विच ओढला की पुढचे बारीक दिवेच लागतात, मोठे नाहीत. (पणजी)

बिघाड नाही. पहिला टप्पा ब्लॅकआउटचा आहे. शत्रूच्या विमानांना गाडी दिसू नये म्हणून चुकून मोठे दिवे लागू नयेत, अशी ती अडवणूक. शेजारचे बटण दाबून धरा आणि स्विच आणखी ओढा.

प्रश्न : त्यापेक्षा 12 व्होल्ट करून टाकू का? (सातारा, तेच वाचक)

आमचे मत, नको. सगळे बल्ब, हॉर्न, इग्निशन कॉइल, डायनॅमो, रेग्युलेटर बदलावे लागतील, पेट्रोलच्या काट्याला व्होल्टेज कमी करून द्यावे लागेल, आणि सेल्फ स्टार्टर इतक्या जोराने फ्लायव्हीलच्या दातांवर आदळेल की दात झिजतील. प्रकाश वाढवायचाच असेल, तर 6 व्होल्ट कॉइलचे दोन रिले (लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच) लावा, एक अप्परला आणि एक डिपरला, आणि बॅटरीपासून 25 अँपिअरच्या फ्यूजमधून दिव्यांना थेट लाइन द्या. 12 व्होल्टचा रिले चालणार नाही. 6 व्होल्टवर तो ओढलाच जात नाही.