ग्राहकाला कार्ड पाठवू का?

प्रश्न : मी छोट्या व्यावसायिकांचे हिशेब लिहून देते. ग्राहकांना शुभेच्छापत्रं पाठवावीत असं वाटतं, पण ती जाहिरात वाटतील अशी भीती आहे. काय लिहू?

उत्तर : कार्डावर सवलत छापली की ती जाहिरातच. मीही एकदा तसं केलंय. मजकूर छापील, सहीसुद्धा छापील. एकाचंही उत्तर आलं नाही, आणि का यावं? मग शाईचं पेन काढलं. दोनच ओळी, पण त्याच माणसाला लागू पडतील अशा : 'यंदा तुम्ही सगळ्या पावत्या तारखेनुसार लावून दिल्यात, माझं निम्मं काम वाचलं. मुलीची परीक्षा कशी गेली?' (अक्षर वाईट असलं तरी चालतं. माझं आहेच.)

अमेरिकेतले मोटारविक्रेते जो जिरार्ड ग्राहकांना दरमहा कार्ड पाठवत. १९७३ साली त्यांनी १,४२५ गाड्या विकल्या. एवढा पसारा असला की छपाईला इलाज नाही. तुमचे ग्राहक तीस-चाळीस असतील, तर हातानंच लिहा. नववर्षाच्या ढिगात तुमचं कार्ड हरवेल, त्यापेक्षा काम संपल्यावर आठवड्याभरात धाडा. आणि हो, त्याच पाकिटात बिल घालू नका.