विमान सुरू झाले. वेळ मात्र दुपारची का?

प्रश्न : संपादक महोदय, आमच्या शहरातून मुंबईला विमान सुरू झाल्याची बातमी आली की आम्हाला मनापासून आनंद होतो. मात्र ते आठवड्यातून काही दिवसच आणि तेही भर दुपारी असते. पुढे केव्हातरी बंद पडते. प्रवासी आहेत, धावपट्टी आहे, मग अडते कोठे? – एक व्यापारी वाचक, कोल्हापूर

उत्तर : अडते ते मुंबईत. तेथे दोन धावपट्ट्या असल्या तरी त्या एकमेकींना छेदत असल्याने एका वेळी एकच वापरता येते. 11 नोव्हेंबर 2023 रोजी या विमानतळावर चोवीस तासांत 1,032 उड्डाणे आणि अवतरणे झाली, म्हणजे रात्रीचे प्रहर धरूनही तासाला सरासरी 43. अशा ठिकाणी नव्या सेवेला विमान आणि वैमानिक यांच्याइतकीच उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, मिळवावी लागते. ज्या कंपनीने उन्हाळी किंवा हिवाळी वेळापत्रकाच्या एका हंगामात आपला स्लॉट किमान 80 टक्के वापरला, तिचा पुढील वर्षीच्या त्याच हंगामात त्यावर पहिला हक्क राहतो. त्यामुळे सकाळ-संध्याकाळच्या मोक्याच्या वेळा वर्षानुवर्षे त्याच हातांत राहतात आणि नव्याने येणाऱ्याच्या वाट्याला बहुधा दुपार येते.

शिवाय सत्तरेक आसनांचे पंख्याचे विमानही धावपट्टीचा जवळजवळ तेवढाच वेळ घेते, जेवढा 180 आसनांचे जेट घेते. 80 पेक्षा कमी आसनांच्या देशांतर्गत विमानांना उतरण्याचे शुल्क माफ आहे. ही सवलत लहान शहरांच्या हिताची खरी, पण गजबजलेल्या विमानतळाला लहान विमानाचे आकर्षण त्यामुळे आणखीच कमी वाटते.

दुपारच्या वेळेचा फटका आपल्यासारख्या प्रवाशाला सर्वांत जास्त बसतो. महालक्ष्मी एक्सप्रेसने रात्री निघालेला माणूस सकाळी मुंबईत पोहोचतो आणि कामाचा अख्खा दिवस त्याच्या हाती असतो. दुपारी उतरणाऱ्या विमानाने मात्र पैसे जास्त मोजूनही अर्धा दिवस जातो व मुक्काम वाढतो. मग व्यापारी पुन्हा गाडीकडे वळतात, विमानातील आसने रिकामी राहतात आणि 'मागणीच नाही' असा निष्कर्ष काढला जातो. हा निष्कर्ष मला अन्यायकारक वाटतो, कारण सोयीच्या वेळेची मागणी कधी तपासलीच गेलेली नसते. लहान शहरे विमानाने जोडण्यासाठी केंद्र सरकारने 2016 मध्ये जाहीर केलेल्या 'उडान' योजनेत ठरावीक आसनांचे भाडे मर्यादित ठेवण्याच्या बदल्यात कंपनीला साधारण तीन वर्षे तूटभरपाई मिळते. ती संपल्यावर गैरसोयीच्या वेळेचे विमान स्वतःच्या बळावर तग धरू शकत नाही, यात नवल नाही.

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईहून प्रवासी विमाने सुरू झाल्याने चित्र पालटण्यास वाव आहे. अंधेरी किंवा वांद्र्याला जाणाऱ्यास उलव्याचा हा नवा विमानतळ दूर पडेल, तरीही सांताक्रूझच्या, म्हणजे जुन्या मुंबई विमानतळाच्या, दुपारपेक्षा उलव्याची सकाळ कोल्हापूरकरांच्या अधिक उपयोगाची आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या व्यापारी संघटनेने लोकप्रतिनिधींकडे नुसते 'विमान द्या' असे न म्हणता, सकाळी जाऊन त्याच संध्याकाळी परतता येईल अशा वेळेची मागणी लेखी करावी.

प्रश्न : नव्या मार्गाची घोषणा होताच तिकीट काढावे का? – एक वाचक, नाशिक

उत्तर : काढावे, पण वेळापत्रक कोणत्या हंगामापुरते आहे ते पाहून. उन्हाळी वेळापत्रक मार्चच्या आणि हिवाळी ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी लागू होते. बहुतेक बदल याच सुमारास होतात. उड्डाण रद्द करायचे असल्यास कंपनीने किमान दोन आठवडे आधी कळवून पर्यायी विमान किंवा पूर्ण परतावा द्यावा, असा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचा नियम आहे. पुढे परदेशी जायचे असेल, तर दोन्ही प्रवास शक्यतो एकाच तिकिटावर घ्यावेत. ते वेगवेगळे काढल्यास पहिल्या विमानाच्या विलंबाची जबाबदारी दुसरी कंपनी घेत नाही. तसेच तिकिटावर बीओएम आहे की एनएमआय, हे अवश्य वाचावे. पहिला संकेत मुंबईचा, दुसरा नवी मुंबईचा.