ऑनलाइन चर्चेतल्या कोणत्या शब्दांचा तुम्हाला सर्वांत जास्त वैताग येतो?

तुम्ही विचारलंय की ऑनलाइन चर्चांमध्ये लोक उठसूट वापरतात अशा कोणत्या शब्दांनी डोकं उठतं, आणि का. माझ्यापुरतं उत्तर दोनच शब्दांचं आहे: "अभ्यास वाढवा."

शिवीचा मला इतका त्रास होत नाही. शिवी देणारा निदान चिडलाय हे तरी कळतं. "अभ्यास वाढवा" म्हणणारा समोरच्याचं म्हणणं खोडून काढत नाही, आणि स्वतःला काय माहीत आहे तेही सांगत नाही. तरी वाचणाऱ्याला वाटतं की याला काहीतरी जास्त कळतंय. फुकटात मिळालेला हा मोठेपणा मला सहन होत नाही.

एक प्रसंग सांगतो. ८ डिसेंबर २०२३ पासून केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. त्या दिवसांत एका चर्चेत कुणीतरी लिहिलं की शेतकऱ्यांनी कांदा साठवून ठेवावा, भाव आला की विकावा, एवढी ओरड कशाला. त्यावर निफाडकडच्या एका शेतकऱ्याने चार-पाच ओळींत उत्तर दिलं. डिसेंबरात निघतो तो लाल कांदा. त्यात पाण्याचं प्रमाण जास्त, तो चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, टिकत नाही. चाळीत भरतात तो उन्हाळ कांदा, मार्चनंतर निघणारा. आणि तोही साठवणीत वजनाला घटतो, थोडा सडतो, थोड्याला कोंब फुटतात. लाल कांदा काढला की ट्रॉली भरून बाजार समितीत न्यावाच लागतो, भाव असो वा नसो. आणि बंदी आली ती नेमकी तो कांदा बाजारात येत असताना.

मला हे नवीन होतं. बातम्या रोज वाचत होतो, पण साठवता येणारा कांदा वेगळा आणि न येणारा वेगळा, हे एकाही बातमीत इतकं स्वच्छ लिहिलेलं मला दिसलं नव्हतं. त्या उत्तराखाली पहिला प्रतिसाद आला, "अभ्यास वाढवा दादा." दुसरा, "इन्कम टॅक्स भरता का?" तिसरा, "तेव्हा कुठे होतात?" त्या सगळ्या चर्चेत ज्याने स्वतः कांदा काढला होता असा तो एकच माणूस होता, आणि अभ्यास वाढवायला त्यालाच सांगितलं गेलं. मी त्याला विचारलं की उन्हाळ कांद्याची लागवड यंदा किती झालीय, पण तोवर तो निघून गेला होता. पुन्हा त्याने तिथे काही लिहिलं नाही. बंदी उठली ती ४ मे २०२४ ला. त्या मधल्या महिन्यांत त्याच्या लाल कांद्याचं काय झालं हे मला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

माझा राग या शब्दांवर आहे तो म्हणूनच. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं असतं त्यांना वाद घालायची सवय नसते. दोन टोमणे पडले की ते गप्प होतात. मागे उरतात ते टोमणे मारणारे, आणि चर्चा त्यांचीच होते.

"तेव्हा कुठे होतात?" हा त्याचाच भाऊ. रस्त्यावरच्या खड्ड्याबद्दल लिहा, परीक्षेच्या फुटलेल्या पेपराबद्दल लिहा, हा प्रश्न येणारच. त्याला उत्तर देता येत नाही, कारण विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं. "तेव्हाही बोललो होतो" म्हणून दुवा दिला तर तो आणखी जुना "तेव्हा" काढतो. आपल्याकडे न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या प्राचीन शास्त्रात, चर्चेचे तीन प्रकार सांगितलेत. खरं काय ते कळावं म्हणून केलेला तो वाद, काहीही करून जिंकण्यासाठी केलेला तो जल्प, आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त दुसऱ्याची मोडायची ती वितंडा. रोजच्या बोलण्यातला वितंडवाद तो हाच. "तेव्हा कुठे होतात" म्हणणाऱ्याला खड्डा बुजवावा की बुजवू नये, हे तुम्ही विचारून पाहा. तो सांगणार नाही.

भक्त, चमचा, फुरोगामी, लिब्रांडू या राजकीय शिक्क्यांबद्दल फार लिहीत नाही. एकदा असा शिक्का बसला की पुढचं कुणी वाचत नाही, आणि शिक्का मारण्यामागचा हेतूही तोच असतो. फक्त एक सांगावंसं वाटतं. आषाढीला आळंदी-देहूहून पंढरपूरपर्यंत चालत जाणाऱ्या माणसांसाठी ज्या भाषेत "भक्त" हा शब्द आहे, तिथे तो कुणाला तरी हिणवायला वापरलेला पाहून मला वाईट वाटतं. कोणत्या पक्षाच्या माणसाला उद्देशून म्हटलंय याने त्यात फरक पडत नाही.

आता "नासाने मान्य केलंय" आणि "युनेस्कोने जाहीर केलंय". आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम असल्याचं युनेस्कोने जाहीर केल्याचा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. युनेस्कोने असं काहीही जाहीर केलेलं नाही. राष्ट्रगीताला असल्या प्रमाणपत्राची गरजही नाही. यातून नुकसान कसं होतं ते मी घरातच पाहिलं. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना खरोखरच जागतिक वारसा यादीत स्थान मिळालं: रायगड, राजगड, प्रतापगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर, पन्हाळा, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, आणि तमिळनाडूतला जिंजी. मी आनंदाने कुटुंबाच्या ग्रुपवर टाकलं, तर काकांचा पहिला प्रश्न, "खरं आहे का, की फॉरवर्डच?" काकांचं काही चुकलं नाही. खोट्या बातम्या इतक्या वेळा ऐकल्यावर खऱ्या बातमीलाही माणूस बिचकतो.

मराठी माणसाने धंदा काढल्याची बातमी आली की खाली "मराठी माणूस म्हणजे खेकडा" हे ठरलेलं. टोपलीतल्या खेकड्यांची ती गोष्ट आता पुरे झाली. फिलिपिनो लोक हीच गोष्ट स्वतःबद्दल सांगतात, त्यामुळे ती काही आपली खास ओळख नव्हे. एखाद्याला कर्ज मिळालं नाही, जागा मिळाली नाही, माल वेळेवर आला नाही, तर ती कारणं शोधता येतात. "आपली जातच खेकड्याची" म्हटलं की शोधायला काही उरत नाही. शिवाय जो नव्याने उभा राहू पाहतोय त्याला हे आपण स्वतःच्या तोंडाने ऐकवतो.

सगळ्यात सभ्य दिसणारं आणि म्हणून माझ्या मते जास्त घातक वाक्य म्हणजे "शेवटी ज्याचं त्याचं मत." पुरणपोळी दुधाबरोबर खावी की तुपाबरोबर, इथे ते शोभतं. पण एका आईने विचारलं होतं की बाळाला गोवर-रुबेलाची लस द्यायची आहे, लशीने ऑटिझम होतो असं ऐकलंय, खरं काय? तिला कुणीतरी समजावून सांगितलं की ही भीती १९९८ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलेल्या एका लेखामुळे पसरली, तो लेख त्या नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, आणि नंतरच्या मोठ्या अभ्यासांत लस आणि ऑटिझम यांचा संबंध आढळला नाही. एवढं नीट उत्तर आल्यावर खाली तिसऱ्याच कुणीतरी लिहिलं, "शेवटी ज्याचं त्याचं मत, ताई. मनाचं ऐका." यात मताचा प्रश्नच नाही. गोवराने मुलं दगावतात. तिथे मी रात्री उशिरापर्यंत लिहीत बसलो, त्या ताईंना उद्देशून, आणि शेवटी आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोलून घ्या असं सुचवलं.

काही शब्दांवर मात्र लोक उगाच चिडतात असं मला वाटतं. "पुलेशु", म्हणजे पुढील लेखनास शुभेच्छा. "पुभाप्र", पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत. "बाडिस", बाय डिफॉल्ट सहमत. मराठी संकेतस्थळांवर रुळलेल्या या आद्याक्षरांना कुणी आळशीपणा म्हणतं. मला ती दारात भेटल्यावर "काय, बरं आहे ना" म्हणण्यासारखी वाटतात. नव्याने लिहिणाऱ्याला आपलं कुणीतरी वाचलं एवढं कळलं तरी तो पुढचा भाग लिहितो. आणि "भावपूर्ण श्रद्धांजली" हजार वेळा वाचून गुळगुळीत झालेली असली तरी मी ती लिहितो. ज्याच्या घरी माणूस गेलंय तो त्या दिवशी नवीन शब्द शोधत नसतो, कोण कोण आलं ते बघत असतो.