जुना फ्लॅट की उंच इमारत : निर्णय नेमका कुठे अडतो?

घर घेतल्यावर पश्चात्ताप झाला तर काय, या धास्तीने निर्णय लांबणीवर टाकणारी कुटुंबे माझ्याकडे वरचेवर येतात. सांगलीतील असेच एक चाळिशीतले दाम्पत्य (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत) इसार देण्याची वेळ आली तरी रोज वाद घालत होते. पतीला कृष्णाकाठच्या गावभागातील जुन्या, लिफ्ट नसलेल्या अपार्टमेंटमधील दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट हवा होता. सागवानी दारे, शहाबादी फरशी आणि रस्त्यावर उघडणारी ऐसपैस गॅलरी त्याच्या मनात भरली होती. पत्नीचा ओढा विश्रामबागकडील नव्या इमारतीच्या दहाव्या मजल्याकडे होता.

दोघांनीही खर्चाची आकडेमोड आणली होती. ती बाजूला ठेवून, आपापल्या पसंतीच्या घरातला आणि दुसऱ्याच्याही पसंतीच्या घरातला एक साधा दिवस सकाळच्या दुधापासून लिहून आणा, असे मी सांगितले. जुन्या घराविषयी पत्नीने लिहिले ते सगळे पुराचे होते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने आयर्विन पुलाजवळची ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ५७ फूट गाठले, तेव्हा तिच्या माहेरी पाणी शिरले होते आणि चिखलाने फुगलेला लग्नाचा अल्बम तिने पान-पान सोडवून वाळवला होता. पतीने दहाव्या मजल्याविषयी लिहिले, त्यात दिवसभर दाराआड एकटी बसलेली आई होती. दोन्ही भीती खऱ्या होत्या, म्हणून कोणाचे बरोबर हा प्रश्न मी पुढे नेला नाही.

भीतीतला जो भाग तपासता येतो तो आधी तपासावा, असे माझे ठाम मत आहे. जुन्या इमारतीत त्यांनी पुराच्या पाण्याची खूण, स्ट्रक्चरल ऑडिटचा (इमारतीच्या मजबुतीच्या तपासणीचा) अहवाल आणि जमिनीच्या अभिहस्तांतरणाची, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर झाल्याची, कागदपत्रे विचारली. ऑडिटचा अहवाल नव्हताच, आणि दुसरा मजला बुडाला नाही तरी जिन्याखाली पाणी असताना आईंची औषधे कशी आणणार, याचे उत्तर पतीपाशी नव्हते. नव्या इमारतीचे भोगवटा प्रमाणपत्र (राहायला परवानगी असल्याचा दाखला), महारेरा या गृहप्रकल्प नियामकाकडची नोंदणी आणि लिफ्टला जनरेटरची जोड या गोष्टी त्यांनी स्वतः पाहिल्या.

पुढच्या भेटीला आईंनाही बोलावले, कारण तोवर त्यांना कोणी विचारलेच नव्हते. “जिना आता गुडघ्यांना झेपत नाही रे, आणि त्या रस्त्यावर माझ्या ओळखीचं उरलंय कोण? पण मला इतक्या उंचावर नेऊ नका, खाली बायका बसतात तिथे मला जाता आलं पाहिजे,” त्या म्हणाल्या. त्याच नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट शिल्लक होता, तो त्यांनी घेतला. गॅलरी लहान आहे ही पतीची खंत अजून आहे, आणि पत्नी आता ती वाद न घालता ऐकून घेते.