एकट्यापुरती आमटी

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र पोचले. हिंजवडीतल्या नोकरीत बस्तान बसले, खोलीवर गॅस आणि लहान कुकर आला, हे वाचून बरे वाटले. पण त्याच पत्रात 'एका माणसासाठी एवढा खटाटोप कोण करणार' असे म्हणून तू दोन्ही वेळच्या डब्याची चौकशी केली आहेस. दुपारचा डबा जरूर लाव. रात्रीचे जेवण मात्र जमेल तितक्या वेळा स्वतः करावेस असे मला वाटते. पैसे वाचतात, प्रकृती सांभाळली जाते, ही कारणे खरी असली तरी माझ्या लेखी दुय्यम आहेत. एकट्यासाठी रांधण्यात एक असे सुख आहे, जे भरल्या घरात रांधणाऱ्याच्या वाट्याला क्वचितच येते, आणि ते घेण्याची संधी तुला आयतीच चालून आली आहे.

भरल्या घरातली चव नेहमी तडजोडीची असते. आजोबांना पथ्य असते, धाकट्याला तिखट सोसत नाही, कुणाला आमटीत गूळ नको असतो तर कुणाला लसूण, आणि या सगळ्यांची मर्जी राखता राखता रांधणारीच्या जिभेला काय हवे हे कुणी विचारतही नाही. तुझ्या आईला स्वतःला कशी आमटी आवडते, हे तुला सांगता येईल का? (आपल्या घरांतल्या बायकांना स्वयंपाक करावा की करू नये हे ठरवण्याची मुभाच नव्हती, तेव्हा स्वयंपाकातल्या आनंदावर आपण पुरुषांनी त्यांना व्याख्यान देऊ नये, एवढे भान मात्र ठेव.) तुझ्या खोलीत करणारा आणि खाणारा एकच आहे. चिमूटभर मीठ वाढवले की त्याचा परिणाम त्याच जिभेवर उमटतो, त्यामुळे आपल्याला काय आवडते हे हळूहळू कळू लागते, आणि ते कळण्यातच या कामाची खरी गोडी आहे.

सुरुवात तुरीच्या आमटीपासून कर. मूठ-दीड मूठ डाळ धुऊन अर्धा तास भिजव, कुकरमध्ये मऊ शिजव आणि रवीने घोट. आंबट काही असेल ते डाळ पुरती शिजल्यावरच घालायचे, कारण आंबटामुळे डाळ लवकर मऊ होत नाही. यानंतर फोडणी येते, आणि फोडणीपाशी घाई करू नकोस. लोखंडी पळीत तेल तापले की मोहरीचा एखादा दाणा टाकून पाहा. तो नुसता तळाशी बसला तर थांब, लगेच तडतडला तर उरलेली मोहरी टाक. दाण्याच्या आतल्या ओलाव्याची वाफ होऊन तो फुटतो, आणि ही तडतड पुरती ओसरेपर्यंत धीर धरला नाही, तर मोहरी कच्ची राहून दाताखाली कडवट लागते. मग जिरे, आणि आच मंद करून हिंग. डबीतल्या हिंगाचा दर्प नकोसा असतो. गरम तेलात पडताच तो पालटतो आणि कांदा-लसणाच्या जवळ जाणारा खमंग वास खोलीभर पसरतो. हळद सर्वांत शेवटी, कारण नुसत्या तापल्या तेलात ती क्षणात करपते. हिचा रंग आणि जिऱ्या-हिंगाचा वास तेलात सहज उतरतो, म्हणूनच एवढ्याशा तेलातून ते सगळ्या आमटीभर पोचतात. कढीपत्ता धुतलेला असेल तर पुसून घे, नाहीतर तेल हातावर उडेल. हे सगळे जेमतेम मिनिटभरात उरकते, आणि तेवढा वेळ कान, नाक व डोळे कामाला लागलेले असल्याने ऑफिसातली एकही गोष्ट मनात येत नाही. मोबाइलवरचा व्हिडिओ समोर लावून फोडणी केलीस तर मात्र यातले काही अनुभवाला येणार नाही.

एकदा ही आमटी हातात बसली की एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहा. कोकणी घरांत आमसूल हाताशी असते, घाटावर चिंच अधिक चालते. एका आठवड्यात हे, पुढच्यात ते. कधी गोडा मसाला घाल, कधी केवळ लाल तिखट आणि ठेचलेला लसूण. गूळ नको वाटला तर वगळ, तुला जाब विचारणारे तिथे कुणी नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्यास तर चव कशाने पालटली ते समजणार नाही.

भांडी घासण्याचा कंटाळा मला ठाऊक आहे; त्यावर उपाय नाही, रात्रीच घासून टाकावीत.

मटकीला मोड आणण्याचे काम तर जवळपास आपोआप होते. रात्री भिजत घालावी, सकाळी निथळून ओल्या फडक्यात घट्ट बांधावी आणि कामाला निघून जावे. उन्हाळ्यात संध्याकाळी पुरचुंडी सोडली तर पांढरे मोड डोकावताना दिसतात, थंडीत मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत वाट पाहावी लागते.

भाकरीची घाई करू नकोस, पण टाळूही नकोस. गव्हाच्या कणकेला असतो तसा चिवटपणा ज्वारीच्या पिठाला नसतो, म्हणून ते गरम पाण्याने भिजवून तळहाताने चांगले रगडावे लागते, आणि तेही एका वेळी एकाच भाकरीपुरते. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवावा आणि ते पाणी सुकू लागताच भाकरी उलटावी. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मिळाली तर तीच घे. तिथल्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे, पण मी सुचवतो ते तिच्या गोडीसाठी. पीठ जुने झाले की त्याची विरी, म्हणजे धरून राहण्याचा चिकटपणा, जाते आणि थापताना कडा फाटतात, म्हणून एका वेळी किलोभरच दळून आण. एवढ्याशा दळणाला गिरणीवाला कुरकुर करील; शेजारच्या बिऱ्हाडाचे ज्वारीचे दळण कधी जाते ते विचारून ठेव आणि त्यांच्याबरोबरच तुझे दे.

कळावे,
तुझा मामा