चित्रातली ती बाई कोण?

“मॅडम, माणूस वाईट नाही हो. पण सोळा वर्षांत ‘तू मला आवडतेस’ असं एकदाही तोंडातून निघालं नाही. चित्रं मात्र सगळी बायकांची. कुणी वीणा वाजवतेय, कुणी झोक्यावर बसलीय. ती बाई कोण, एवढं तरी मला कळायला नको?”

ती बँकेत नोकरीला, सकाळी लवकरची लोकल पकडणारी. तो शाळेत चित्रकला शिकवतो आणि उरलेला सगळा वेळ कागदापुढे असतो. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) नवरा बोलत नाही, मग त्याचं प्रेम आहे की नाही, हा प्रश्न घेऊन माझ्याकडे खूप जणी येतात.

अशा वेळी मी आधी एक गोष्ट तपासते. अबोल्यासोबत टोमणे, धाक, पैशांची अडवणूक आहे का? असेल तर ‘त्याचा स्वभावच तसा’ म्हणून मी कुणाचीही समजूत घालत नाही. इथे तसं काही नव्हतं. पहाटे उठून तिचा डबा तोच भरायचा.

पुढच्या वेळी त्याला चित्रं घेऊन यायला सांगितलं. अट एकच: समजावून सांगायचं ते तिला, मला नाही.

खाली मान घालून त्याने सुरुवात केली आणि मग खुलत गेला. राजस्थानात, पहाडी राज्यांत, आपल्या दख्खनमध्येही जुन्या चित्रकारांनी रागांना चेहरे दिले, त्या या रागमाला. राग हा नायक, रागिणी ही नायिका. सहा राग, प्रत्येकाच्या पाच रागिण्या, अशी 36 चित्रांची मांडणी पुष्कळदा असते. तोडी म्हणजे वीणा घेऊन रानात उभी असलेली विरहिणी, तिच्या सुरांनी हरणं जवळ आलेली. धनाश्री दूर गेलेल्या प्रियकराचं चित्र काढत बसलेली. आणि विभास हा पहाटेचा. त्यात नायक फुलांचं धनुष्य ताणून कोंबड्यावर नेम धरतो. तो आरवला की उजाडणार, आणि रात्र संपणार.

मग त्याने स्वतःचा विभास पुढे ठेवला. महालाच्या जागी बाल्कनी, तुळशीची कुंडी, कपड्यांची दोरी. कठड्यावर कोंबडा, नेम धरलेला पुरुष, मागे पलंगावर गाढ झोपलेली बाई. तिच्या उशाशी एक तपकिरी पर्स, तिच्यातून ओळखपत्राची निळी फीत लोंबतेय.

“ही माझी पर्स आहे,” ती म्हणाली. हे चित्र कितीतरी महिने त्यांच्या बाहेरच्या खोलीत लावलेलं होतं.

ती रडली, आणि मग चिडली. “हे मला कधी सांगणार होतात?” तिचं चिडणं मला अगदी रास्त वाटलं. चित्र भिंतीवर लावलं म्हणजे सांगून झालं, असं तो मनापासून धरून चालला होता. त्याचं प्रेम खरं होतं, पण ते तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं, आणि पोचवणं हे त्याचंच काम.

जुन्या चित्रकारांनीही सगळा भार चित्रावर टाकलेला नाही. रागमालेच्या कितीतरी पानांवर वरच्या पिवळ्या पट्टीत त्या रागाचं काव्य लिहिलेलं असतं. तोच धागा धरून मी त्याला सांगितलं, प्रत्येक चित्रासोबत तिच्यासाठी दोन ओळी, साध्या बोलीत. अलंकार नकोत.

तिलाही एक काम दिलं. ‘प्रेम आहे का?’ हा प्रश्न बाजूला ठेवून, नेमकं काय हवंय ते मागायचं. तिने मागितलं: घरी आल्यावर दहा मिनिटं ब्रश खाली ठेवून माझ्याजवळ बसायचं.

पहिल्या ओळी त्याने चित्राच्या मागच्या बाजूला लिहिल्या. “मागे नको, वरच लिहा,” ती म्हणाली, “येणाऱ्याजाणाऱ्यालाही वाचू दे.” रंग आणि कॅनव्हासवर होणाऱ्या खर्चाचा वाद अजून मिटलेला नाही. सध्या आम्ही त्यावर बोलतोय.