ड्यूव्हलच्या बाटलीवरून: डच, फ्लेमिश आणि आफ्रिकान्स

प्रश्न असा आहे: बेल्जियमच्या 'ड्यूव्हल' बिअरच्या नावाचा अर्थ सैतान. पण डचच्या वर्गात सैतानाला 'डॉयव्हल' म्हणायला शिकवतात. मग बाटलीवरचा शब्द फ्लेमिश आहे का? फ्लेमिश ही वेगळी भाषा धरायची का, आणि आफ्रिकान्सचं या दोघींशी नातं काय?

आधी सरळ उत्तर. फ्लेमिश ही वेगळी प्रमाणभाषा नाही. बेल्जियमच्या उत्तर भागात, म्हणजे फ्लांडर्समध्ये, लिहितात ती डचच. नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी १९८० मध्ये मिळून स्थापन केलेली 'टालयुनी' दोन्हीकडचं शुद्धलेखन ठरवते. आफ्रिकान्स मात्र स्वतंत्र भाषा. दक्षिण आफ्रिकेत तिला १९२५ मध्ये अधिकृत दर्जा मिळाला.

आता ड्यूव्हल. हा 'डॉयव्हल'चा गावठी अपभ्रंश आहे, असं सांगणारे बरेच भेटतात. ते चूक आहे. मध्ययुगीन डचमध्ये शब्द 'ड्यूव्हल' असाच होता. पुढे प्रमाण डचमध्ये या 'यू'चा 'ऑय' झाला. घराला पश्चिम फ्लांडर्सच्या बोलीत अजून 'ह्यूस' म्हणतात, प्रमाण डचमध्ये 'हॉय्स'. खुद्द नेदरलँड्समध्येही जुना ड्यूव्हल बोलण्यात टिकून आहे. एखाद्याची खरडपट्टी निघाली की 'ओप य ड्यूव्हल' मिळालं असं म्हणतात. आफ्रिकान्समध्ये घर 'हेइस' आणि सैतान 'डेइव्हल', म्हणजे बदललेला स्वर घेऊनच ती भाषा दक्षिण आफ्रिकेतल्या केपला पोचली. ते बरोबरच आहे, कारण तिचं मूळ सतराव्या शतकातल्या हॉलंडच्या बोलीत आहे.

पण या बिअरच्या नावापेक्षा त्या नावाची गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. ब्रेंडोंक गावात मोर्टगाट घराण्याची ब्रुअरी आहे. पहिल्या महायुद्धानंतर त्यांनी ही बिअर 'व्हिक्टरी एल' नावाने काढली होती. १९२३ मध्ये ती चाखताना गावातला एक चांभार म्हणाला, "नन एख्तन ड्यूव्हल!" म्हणजे 'हा अस्सल सैतान आहे!' आणि तेच नाव पडलं, असं सांगतात. प्रमाण डचमध्ये हेच 'अन एख्त डॉयव्हल' होईल. चांभाराच्या बोलण्यात 'नन' आणि 'एख्तन' यांना जो 'न' चिकटलाय तो पुल्लिंगाचा आहे. स्त्रीलिंगी नाम आलं की तो गळतो.

फ्लांडर्समधल्या बोलींत अशी तीन लिंगं अजून जिवंत आहेत. टेबलाला तिथला माणूस सहज 'ती' म्हणतो. नेदरलँड्सच्या बोलण्यात पुल्लिंग आणि स्त्रीलिंग एकमेकांत मिसळून गेली आणि 'द' व 'हेट' अशी दोनच उपपदं राहिली. आफ्रिकान्सने तर लिंगभेद मोडीतच काढला. माणूस, घर, बिअर, सगळ्यांना एकच 'दी'. तो-ती-तेमध्ये वाढलेल्या मराठी माणसाला यातली फ्लेमिश सगळ्यांत घरची वाटायला हरकत नाही.

आफ्रिकान्सने क्रियापदांचंही ओझं टाकलं. डचमध्ये 'इक ड्रिंक', 'येइ ड्रिंक्ट', 'वेइ ड्रिंकन'. आफ्रिकान्समध्ये 'एक ड्रिंक', 'येइ ड्रिंक', 'ओन्स ड्रिंक'. नकार मात्र दोनदा: 'एक ड्रिंक नी बीर नी', म्हणजे मी बिअर पीत नाही. डच ईस्ट इंडिया कंपनीने १६५२ मध्ये केपला ठाणं वसवलं. (याच कंपनीची वखार आपल्या वेंगुर्ल्याला होती, मराठी कागदपत्रांतले 'वलंदेज' ते हेच.) केपला युरोपातून आलेले, मूळचे खोइखोइ आणि आशियातून गुलाम म्हणून आणलेले लोक एकाच भाषेत व्यवहार करू लागले, आणि आफ्रिकान्स घडली. 'पुष्कळ'साठीचा आफ्रिकान्स शब्द 'बाया' मलायच्या 'बान्याक'वरून आलाय. केपच्या मुसलमानांनी तर एकोणिसाव्या शतकात ती अरबी लिपीत लिहिली. तिला 'मोडकी डच' म्हणणं अन्यायाचं आहे.

बारमध्ये एक गंमत कानावर येईल. अँटवर्पमध्ये दे कोनिंक बिअर ज्या गोल पेल्यातून देतात त्याला 'बोलका' म्हणतात, म्हणजे छोटा गोळा. हा 'का' फ्लांडर्सचा लघुत्वदर्शक प्रत्यय. ब्रसेल्सच्या 'मानकन पिस' पुतळ्याच्या नावातही तोच आहे. प्रमाण डचमध्ये हा शब्द 'बोलत्य' होतो. आफ्रिकान्समध्येही प्रत्यय 'त्य'च्याच घराण्यातला, पण त्याचा उच्चार 'की'सारखा होतो, त्यामुळे 'बोलकी' ऐकू येतं. 'बोलका' आणि 'बोलकी' सख्खी भावंडं वाटतात, पण नातं तसं नाही: एक थेट जुन्या 'क' प्रत्ययातून आलेला, दुसरी 'त्य' घासून झालेली.

आणि ऑर्डर देताना. अँटवर्पचा माणूस म्हणेल, "इक हेब खूस्टिंग इन अन पिंत्य". ॲमस्टरडॅमचा म्हणेल, "इक हेब झिन इन अन बीर्त्य". केप टाउनचा, "एक इस लस फिर अ बीर". तिघांनाही बिअर हवीशी वाटतेय. यातला 'खूस्टिंग' फ्लांडर्सचा लाडका शब्द, लॅटिनमधल्या 'चव'च्या धातूपासून आलेला. नेदरलँड्सच्या माणसाला तो कळतो, पण तो म्हणत नाही. त्याचा 'ख' घशात खरवडू नका. फ्लांडर्समध्ये तो मऊ असतो, आणि पश्चिमेला ब्रुख (ब्रूज) शहराच्या बाजूला गेलात तर जवळजवळ 'ह' होतो.